पाण्यात पाहणे

डहाणूहून वीस लिटर समुद्र आणला,
एसटीनं, जव्हार-मोखाड्यावरून.
कंडक्टर म्हणाला, कॅनमध्ये काय?
म्हटलं, समुद्र.
त्यानं झाकण हुंगलं आणि लगेजचं तिकीट फाडलं.
त्र्यंबक येईपर्यंत कॅन पायांत धरून बसले.
शेजारी बर्फाच्या डब्यात सात समुद्री साळिंदरं,
काटे हलवत, बिनतिकीट.

मी लॅब अटेंडंट. अनुकंपा तत्त्वावर.
हे गेले त्या साली लागले, तेव्हापासून काचा धुते.
स्लाइड, कव्हरस्लिप, बीकर.
धुतलेल्या काचेबद्दल कुणी बोलत नाही.
डाग राहिला तरच हाक येते,
मावशी.

क्षेमकल्याणी मॅडमनी साळिंदराला सुई टोचली,
बीकरवर उलटं ठेवलं,
तशी त्याच्या पाठीतून बारीक धार लागली
आणि पाण्यात विरता विरता दिसेनाशी झाली.
संपलं? मी विचारलं.
म्हणाल्या, आत्ता लाखभर आली असतील.

मग सांगत राहिल्या, मुलींना;
मी खिडकी पुसत होते म्हणून मलाही.
उघड्या समुद्रात आडोसा नाही.
दगड नाही, फांदी नाही, पदर नाही.
जे अंडं दिसलं ते खाल्लं गेलं.
जे जरा कमी दिसलं ते जरा जास्त उरलं,
त्याच्या वंशातलं आणखी जरा कमी दिसलं.
काच व्हायचं कुणी ठरवलं नव्हतं.
कोट्यवधी वर्षं नुसती तोंडं उघडत होती, मिटत होती,
आणि त्या तोंडांनीच घासून घासून
अंडं लख्ख केलं.

घासण्याचं म्हणाल तर मला कळतं.

ज्याला सगळे पाण्यात पाहतात
त्यानं पाण्यासारखंच व्हावं,
एवढं मी इथं शिकले.
स्टाफरूममध्ये चहा ठेवते तेव्हा
भांडण थांबत नाही, माझ्यातून आरपार चालू राहतं.
कपातीच्या यादीत सहा नावं आली,
माझं कुणाला आठवलंच नाही.
तशी टिकले.

मालेगावची मुबश्शिरा म्हणाली,
मॅडम, मग ऊन लागत नाही का त्यांना?
लागतं. थेट आतल्या गाठोड्यापर्यंत जातं.
म्हणून काही खोल पाण्यात उतरतात,
काही अंगातच ऊन गिळणारं काहीतरी बाळगतात,
आणि खडकाला चिकटणारी कित्येक अजून रंगीतच आहेत.
न दिसणं फुकट नसतं गं.
बलक इतका बारीक दळावा लागतो
की उजेड कुठं अडखळता कामा नये.

मग माझ्याकडे वळून, या, बघा, अहेरबाई.

एकतीस वर्षं ही नळी पुसली,
तिच्यात डोळा घातला नव्हता.
आधी काहीच नाही.
मग कड. नुसती गोल कड,
जशी रिकाम्या बांगडीला असते.
त्यांनी नराचा एक थेंब सोडला,
आणि फुलक्याचा पापुद्रा सुटावा तसा
त्या कडेभोवती दुसरा गोल उठला.
दीड तासानं, मधोमध एक रेघ. एकाची दोन.
सगळं उघड्यावर.
साऱ्या समुद्रापासून लपलेल्याला
आत लपवायला जागाच नव्हती.
चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. चार.

पाच वाजता मुली गेल्या.
उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतायचं होतं:
तिथून नासर्डीत, नासर्डीतून गोदेत,
आणि गोदा तर पूर्वेला जाते, पलीकडच्या समुद्राला.
म्हटलं, पोचतील का?
नाही, मॅडम पर्स घेत म्हणाल्या. गोड्या पाण्यात फुटतात.

ओतलं.
बेसिनमध्ये काही दिसलं नाही, अर्थातच.

पण तो शेवटचा बीकर मी धुतला नाही.
तळाला मिठाची कड धरेल रात्रीतून.
उद्या कुणीतरी हाक मारेल.