अवस्था

ग्रिम्सबीच्या इस्पितळात मी ताशी चौदा पौंडांवर
एका भाषेतलं दुखणं दुसरीत नेऊन ठेवते.
नियम एवढाच : पदरचं काही घालायचं नाही,
वाटेत काही सांडायचं नाही.

सगुणाबाई तारकर, वय एक्याऐंशी, खाट नऊ.
तीस वर्षं गोदीमागच्या कारखान्यात हॅडकचे काटे काढले.
बोटं अजून चादरीवर तेच करतात,
अंगठ्याने चाचपत, कण्यालगत, शेपटीकडे.
मॉरीन नर्स तक्त्यात लिहिते : चुळबुळ, दहापैकी सात.

काय होतंय विचार, म्हणाली.
मी विचारलं.
"माका अवस्था लागली हा."

मी सांगितलं, त्यांना आपली कंडिशन समजून घ्यायचीय.
मग डॉक्टर आले, खाटेच्या कडेला अदबीने बसले,
फुप्फुसातलं पाणी, पोटॅशियम, सोमवारचा एक्स-रे.
मी सगळं पोचवलं, दशांश चिन्हासकट.
बाई ऐकत होत्या,
पत्ता चुकून दारात आलेल्या माणसाला
पाणी तरी द्यावं, तशा.

परतताना क्लीथॉर्प्सच्या वळणावर
ओहोटीने मैलभर चिखल उघडा टाकला होता.
तिथे बसमध्ये आठवलं :
या शब्दाला मागे आणखी एक खोली आहे.
एम.ए.ला, पोथीच्या शेवटी, शब्दार्थांच्या यादीत,
बारीक टायपात :
अवस्था — तळमळ, ओढ.
सातशे वर्षांपूर्वी ती माणसाला लागायची,
तहान लागते, ठेच लागते, बोट लागते तशी.
आता ती नुसती असते.
बरी असते, आर्थिक असते, वृद्ध असते,
फॉर्मच्या चौकोनात मावते.
इतका न टिकणारा शब्द,
त्याला आपण स्टूल देऊन बसवलं.

गुरुवारी सुट्टी होती. तरी गेले.
"कसली अवस्था, बाई?"
बोटं थांबली नाहीत.
"कसली ता कळला असता तर ती अवस्था खंयची?
मगे ती बाजाराची यादी झाली."
आणि बऱ्याच वेळाने,
"तात्यांचो शब्द तो. हय कोणाक सांगूक नाय.
उगाच गोळी देतले."

मॉरीन आलीच, कागदी पेल्यात गोळी घेऊन.
काय म्हणताहेत?
त्या दिवशी ताशी काही मिळत नव्हतं,
म्हणून पदरचं घातलं.
म्हटलं, त्यांना कशाला तरी उशीर होतोय,
कशाला ते माहीत नाही.

मॉरीनने घड्याळ पाहिलं. मग खिडकी.
"मला होतं तसं," म्हणाली, "चारच्या सुमाराला, रोज,"
आणि पेला उशापाशी ठेवून
खाट दहाकडे गेली.

तक्त्यावर सात तसेच.
सगुणाबाईंनी चादरीतून एक काटा काढला,
उजेडात धरून पाहिला,
आणि माझ्या तळहातावर ठेवला.