काटा

सावद्याला केळीच्या काट्यावर बारा वर्षं मी वजनं लिहितो.
घड चढतो, आकडा थरथरतो, थांबतो.
थांबलेलाच आकडा लिहायचा.

माझा आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा
कंपाउंडर देवचंदनं पट्टा सोडून पुन्हा बांधला,
मग दुसऱ्या दंडाला, मग स्वतःच्या.
एकशे नव्वदवर एकशे वीस. वय सव्वीस.
"मशीन बिघडलं असंल," तो म्हणाला.
मशीन नवं होतं.

गावानं आम्हाला नाव ठेवलेलं: तापट वारके.
अण्णा छत्तिसाव्या वर्षी मोटर चालू करायला गेले
आणि स्टार्टरच्या पेटीखाली बसले, तोंड वाकडं करून.
सकाळीच काकाशी बांधावरून वाजलं होतं.
डोक्यात रक्त चढलं, लोक म्हणाले. काकानंही ऐकलं.
त्या दिवसापासून तो आमचा उंबरा चढला नाही.

मग माझे पाय गेले.
चहूकडे घडच घड, आणि माझ्या रक्तात
पोटॅशियम दोन पूर्णांक चार.
"केळी खा," गावचे डॉक्टर म्हणाले
आणि स्वतःच हसले. मी रोज आठ खात होतो.
पाच तऱ्हेच्या गोळ्या झाल्या.
आकडा हटेना.

जळगावच्या भंगाळे मॅडमनी आधी मेलेल्यांचं विचारलं.
कोण, कितव्या वर्षी, कसं.
कागदावर चौकोन काढले, गोल काढले,
गेलेल्यांवर तिरकी रेघ मारत आल्या:
आजोबा, आत्या, अण्णा.
रेघ न मारलेला पहिला काळा चौकोन मी.
"तुम्ही तापट नाही," त्या म्हणाल्या.

मूत्रपिंडात मिठाला आत घेणारी बारीक दारं असतात.
काम झालं की शरीर ती मोडीत काढतं.
आमच्या दारांवर मोडीची खूणच नाही,
एका अक्षराची चूक, बापाकडून लेकराकडे.
मीठ येतच राहतं, मिठामागे पाणी,
पोटॅशियम मागच्या वाटेनं निघून जातं.
ठिबकचा वॉल उघडा अडकला की
नळ्या फुगतात, तसं, मी म्हणालो.
"अगदी तसं."

ॲमिलोराइड. जुनी, स्वस्त गोळी,
भुसावळच्या मेडिकलवाल्यानं तीन आठवड्यांनी मागवून दिली.
ती त्या दारातच जाऊन बसते.
महिन्याभरात एकशे तीस. पाय आले.
"आता मात्र केळी बेतानं," मॅडम म्हणाल्या,
"आता पोटॅशियम साठेल."
सावद्यात केळी मोजून खाणारा मी एकटाच.

भाविकाचं रक्त पुण्याला गेलंय. नऊ वर्षांची आहे.
निम्मी शक्यता. मी नाणं हातात घेत नाही हल्ली.

काल रिपोर्ट घेऊन काकाकडे गेलो.
बांध ओलांडूनच.
वाचून दाखवला. समजावलं: भांडणानं नाही, काका.
जन्मापासून होतं ते, तुम्ही भांडला नसतात तरी.
बराच वेळ तो कोयत्याची मूठ पुसत राहिला.
मग बाही वर केली:
"माह्या दंडाले बांध."

फुगा फुगला, सुटला.
एकशे अठरावर शहात्तर.
पंचाहत्तरीच्या माणसाला असा आकडा कुणाला मिळतो.
"म्हंजे माह्यात नाही?"
नाही, काका.
"वाटणीत ते पण त्यालेच गेलं," तो म्हणाला
आणि बाही खाली करायची विसरला.

मी वही काढली,
थांबलेला आकडा लिहिला.