रूट सहावर, शुक्रवारी

रेनाटोची पातळ. उचलली की टोक मान टाकतं,
तेल मनगटावरून थेट घड्याळात.
रस्त्यापलीकडे थानासीची : जाड, पॅनला चिकटून करपलेली कड,
ती खरवडायला बर्नीस चमचा मागून घ्यायची.

एकोणीस वर्षं भांडलो यावरून,
मधल्या पंपावर गाडी चालू ठेवून,
मागच्या सीटवर पोरं उपाशी.
कनेटिकटच्या थंडीत कोण भांडतं एवढं कडेवरून!

थानासीच्या जागी आता दातांचा दवाखाना.
त्याच खिडकीत प्लास्टिकची दाढ, हसरी.

काल रेनाटोला म्हटलं, राहू दे अजून पाच मिनिटं भट्टीत.
करपेल, तो म्हणाला, तुला कुठे आवडते तशी?
मी सुटे मोजत राहिलो.

डबा शेजारच्या सीटवर ठेवला,
पट्टा लावून.