कलम चौदा, पोटकलम क

ग्रिम्सबीत, मासळीच्या गोदीमागे
बहिणीनं जाताना माझ्या नावे केलेला फ्लॅट.
दोन खोल्या. एक खिडकी समुद्राकडे;
समुद्र दिसत नाही, वास येतो.

भाड्यानं देण्यातलं मला काय कळणार?
चाळीस वर्षं मी गोदीवर बर्फ फोडला.
एजंट आला, टोकदार बुटांचा पोरगा,
भिंतींना मोजपट्टी लावली,
मला सर म्हणाला.
मी सही केली. पेनसुद्धा त्याचंच.

त्यानं इल्झेला आणलं, लॅटव्हियाची,
मासे कापायच्या कारखान्यात रात्रपाळीला.
एका मंगळवारी, वीस मिनिटं.
किल्ली दिली नि गेला.
पुढे बॉयलर मी खोलला,
खिडकीची फट मी लिंपली,
वरच्या मजल्यावरच्या कुत्र्यावरून
भांडलो तो मीच.

वर्षानं बिल आलं. अकरा टक्के.
फोन केला, म्हटलं, चुकून आलं असेल.
"नाही सर. ती अजून राहते ना?"
राहते.
"मग."

मग भिंग घेतलं.
मागच्या पानावर, करड्या शाईत,
मुंगीच्या पायांएवढी अक्षरं:
भाडेकरू राहील तोवर.
मी घर विकलं, तरी मीच देणं लागतो.
भाडेकरूनंच विकत घेतलं, तर अडीच टक्के निराळे.
भाडेकरू, किंवा त्याचा जोडीदार,
किंवा त्याच्या मार्फत आलेली कोणतीही व्यक्ती.

लग्न जमवणारा एकदा जेवून जातो.
हा दर वाढदिवसाला ताट मांडून बसतो.

सल्ला केंद्रातल्या मिसेस अ‍ॅडेयेमींनी
पेन्सिलीनं त्या ओळींखाली रेघ मारली.
अन्याय्य अट, म्हणाल्या. लढता येईल.
कधी, ते नाही म्हणाल्या.
बाहेर बाकावर आणखी सहा जण
आपापले कागद मांडीवर घेऊन.

एका रात्री मनात आलं:
ती सोडून गेली, तर सुटेन मी.
सकाळी दारात काळा पाव,
फडक्यात गुंडाळलेला, अजून कोमट.
दोन दिवस मी जिन्यात पाऊल टाकलं नाही.

मार्चमध्ये तिला मुलगी झाली.
बघायला गेलो. रायटिसनं खुर्ची पुसून दिली.
इल्झेनं बाळ माझ्या हातात ठेवलं,
सात पौंड दोन औंस.
मार्फत आलेली व्यक्ती,
डोळे मिटलेली, हिला कुणी काही दाखवलेलं नाही,
हिनं कुठं सही केलेली नाही.

मनातल्या मनात अकरा टक्के काढले.
सवयच जडलीय.
साडेबारा औंस.
कुठला भाग असेल तेवढा?
एक तळहात, एक कान, थोडी जांभई.

"काय मोजताय, मिस्टर हार्डकॅसल?"
काही नाही, म्हटलं,
आणि परत दिलं तिच्याकडे,
सगळंच्या सगळं.