केसपेपर

खिडकीला जाळी, जाळीत हात जाईल एवढं भोक.
त्यातून मी नाव विचारतो, गाव विचारतो, वय विचारतो.
शहापुरात अकरा वर्षं हेच.
वयाशी बहुतेकजण अडतात.

ती रात्री दीडला आली.
नवरा झोळीत, झोळी दोघांच्या खांद्यावर,
आणि तिच्या ओच्यात मेलेली घोणस,
डॉक्टरांना ओळखता यावी म्हणून.
भोकातून आधी तीच आत आली.
मी खुर्चीवर चढलो.
तळपाडे सिस्टर अजून सांगत असतात सगळ्यांना.

नाव?
काळू धाकू हिलम.
वय?
आमची वाडी धरणात गेली, तवा ह्यो रांगत होता.
मी पंचेचाळीस लिहिलं.
रकान्यात दोनच आकडे मावतात.

फ्रिजमध्ये लसीच्या कुप्या दहा. दहाही लागल्या.
डॉक्टर गायकर, पहिलीच नेमणूक, मिशी नीट फुटलेली नाही,
पावडर विरघळेपर्यंत कुपी तळहातात घोळवत
पुटपुटत होते.
मंत्र वाटला मला. मिनिटं होती.

साडेचारला लघवी लाल झाली.
'पुढील उपचारार्थ ठाणे'
याचा आमच्याकडे शिक्काच आहे.
झिजलाय. ठाण्याची मात्रा उमटत नाही,
पेनाने द्यावी लागते.
मी दिली.

गाडी गेली. गाडीसोबत आमचं लाल ब्लँकेट गेलं.
साठ्याच्या वहीत एक वजा.
पाठवलेल्या माणसाचं पुढे काय झालं
याला वही नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी, ओपीडी उठल्यावर,
भोकासमोर लाल काहीतरी.
राखेने धुतलेलं असावं, वास तसा होता.
चौकोनी घडी, सरकारी शिक्का वर.
भोकातून जाईना.
मी उठून दार उघडलं.

विचारावं की नको,
मी पेनाचं टोपण काढत होतो, लावत होतो.
तिनंच सांगितलं:
एक बोट ठाण्याला ठेवून आलाय.
बाकीचा भात झोडतोय.

मग म्हणाली, लिहून दे. आणून दिलं म्हणून.
अशाची छापील पावती नसते.
कोरा केसपेपर घेतला, लिहिलं:
ब्लँकेट, लाल, नग एक, मिळाले.
देणाऱ्याच्या नावाशी आलो आणि पेन थांबलं.
त्या रात्री तिचं नाव
कुणी विचारलंच नव्हतं.

साखरी, ती म्हणाली.

वयाचा रकाना
मी तसाच सोडला.