समासातली पेन्सिल

अशोकस्तंभाजवळचं आमचं मेडिकल
रात्री दोनपर्यंत उघडं असतं.
निफाडकडची थंडी अर्ध्या शटरखालून आत शिरते
आणि मी कफ सिरपच्या खोक्यावर पाय ठेवून
वाचनालयाची कादंबरी वाचतो.

कादंबरीतली बाई म्हणते,
नवरा मला वेडी ठरवायला निघालाय.
एकोणचाळीस पानं मी तिच्या बाजूचा होतो.
चाळिसाव्या पानाच्या समासात
कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय : 'खोटं बोलतेय.'

झालं.
आता ती चहा गाळते तरी मी गाळणीकडे बघतो.

मालक विचारतात, रोहिदास, असलं कशाला वाचतोस,
दिवसभर दुखणी कमी पडतात का?
दुखण्याला चिठ्ठी असते मालक,
डोस असतो, एक्सपायरी असते.
इथे नुसतं दार किलकिलं असतं
आणि आत कोण आहे
ते माझ्याआधी माझ्या मानेला कळतं.
हिरव्या द्राक्षांसारखं आहे हे,
दात आंबतात, हात थांबत नाही.

पान एकशे बारा : 'गोळ्या मोज.'
मोजल्या. चार पानं मागे जाऊन पुन्हा मोजल्या.
दोन कमी.
लेखक गप्पच होता त्याबद्दल.

अक्षर लावणं हा माझा धंदा.
डॉक्टर कासलीवालांचे कोंबडीचे पाय
अख्ख्या गल्लीत मी एकटा वाचतो.
म्हणून सांगतो, हा लांब शेपटीचा 'त'
मी पाहिलाय,
दर महिन्याच्या पाच तारखेला,
झोपेच्या गोळ्यांच्या चिठ्ठीवर,
जिथे 'दहा' खोडून 'तीस' केलेलं असतं
आणि मला ते
दिसून दिसलेलं नसतं.

आज पाच तारीख.
दीड वाजता पंचवटीकडून एक रिक्षा आली.
आहिररावबाई उतरल्या, डोक्यावरून शाल,
चिठ्ठी काउंटरवर ठेवली,
माझ्या कोपराखालचं पुस्तक पाहिलं.
'कुठवर आलात?'
'दोनशे सहा.'
'मग तुम्हाला अजून तोच वाटत असेल.'

चिठ्ठीवर दहाच होते. खोडाखोड नाही.
मी तरी दोनदा मोजल्या.
त्यांनी सुटे दिले, हसल्या,
रिक्षाचा लाल दिवा रविवार कारंजाकडे वळला.

शटर ओढलं. आतून कडी.
दोनशे सात उघडलं.
समास कोरा.
दोनशे आठही.
पेन्सिल शोधायला हात गेला
तर ती माझ्याच कानावर होती.