फुंकणी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा संधिसाधू संसर्ग.
मला वाटलं, आमच्या धाकट्या मेव्हण्याचं काही यांच्या कानावर गेलंय.
हुपरीत हा शब्द निवडणुकीपुरता निघतो,
निकाल लागला की परत माळ्यावर.

सीपीआरच्या कॉटपाशी त्या उभ्या, फोटो खिडकीला धरलेला.
"ही बुरशी कुणाच्याही छातीत जाऊन येते, सातगोंडा, माझ्याही.
राखण जागी असली की निमूट जाते.
तुमची राखण ब्याऐंशीवर आलीय."
दोनशेच्या खाली म्हणजे फाटक उघडं, एवढं कळलं.

मी फोटोत डाग शोधत होतो.
आमच्यात डाग म्हणजे दागिना, डाग म्हणजे बट्टा,
दोन्हीवर बोट ठेवता येतं.
इथं धुकं होतं नुसतं,
पहाटे पंचगंगेवर उतरतं तसं, दोन्हीकडं सारखं.
थुंकी दोनदा तपासली. टीबी नाही.
टीबी असता तर गल्लीत सांगायला एक नाव तरी होतं.

तीस वर्षं पोट फुंकणीवर.
दिव्याची ज्योत गालांनी वाकवायची,
पैंजणाच्या कडीवर नेमकी टेकवायची,
डाख पाण्यासारखा धावला की श्वास आवरायचा.
एका दमात सात कड्या. बाबू आडमुठे चार करायचा.
दिवाळीआधी माझ्या तीन व्हायला लागल्या.
मग एक.
मग मी फुंकतोय आणि ज्योतीला पत्ताच नाही.

नर्सनं बोटाला चिमटा लावून वॉर्डात चालवलं.
बसलो होतो तेव्हा त्र्याण्णव, आठ पावलांत एक्क्याऐंशी.
चांदीचा टंच असा उतरला
तर गिऱ्हाईक दारात उभं करत नाही.

मेव्हणा दोनदा आला.
पहिल्यांदा शहाळी घेऊन; त्याचं त्यानं जिन्यातच पिऊन घेतलं.
दुसऱ्यांदा म्हणाला, "ठसे नेतो, दाजी. गंजून काय उपेग?"
मान हलवायला दम लागत नाही,
म्हणून हलवली.

सुगंधानं रक्त दिलं, मला न सांगता.
कोरं आलं. तीन महिन्यांनी परत या म्हणाले.
कागदाला चार घड्या घालून तिनं विचारलं,
"ह्येंची सकाळची गोळी जेवणाआधी का नंतर?"

एकवीस दिवस त्या पांढऱ्या, घोड्याला द्याव्यात एवढ्या गोळ्या.
त्यातच एक रोजची सुरू झाली, जन्माची.
धुकं कधी गेलं ते काही मी बघितलं नाही.
एक दिवस संडासापर्यंत भिंत न धरता गेलो.

परवा दुपारी, घरी, दिवा लावला.
ठसे नाहीत, पण कड्या होत्या डबीत, जुन्या.
ज्योत वाकली. थरथरत, पण वाकली.
डाख चमकला आणि तिथंच थांबला,
खोकल्यानं मला पाटावरून उठवलं.

सुगंधानं फुंकणी माझ्या हातातून घेतली.
पदर हातातच होता तिच्या.
न पुसता
तोंडाला लावली.